दहा मिनिटांचं काम

तीन जून, सोमवार. सहाशे रुपये. हजर तिघे: मी, संगणक शिकवणारी मुलगी आणि दापोरा गावचे, केळी पिकवणारे काका. शनवारा भागातल्या, वरच्या मजल्यावरच्या आमच्या मराठी वाचनालयात मी एकटाच ग्रंथपाल. शिकवणीचे पैसे मीच भरले.

शिकायचं ते असं: इंटरनेटवरचं उपयोगी पान विषयाची खूण लावून यादीत ठेवायचं आणि ती यादी इतरांसाठी खुली करायची. सत्तावीस वर्षं मी पुस्तकं दाखल करत आलोय. इथंही प्रत्येक पानाला दाखल क्रमांक दिला आणि विषय एकच. केळीच्या भावाचं पान ‘बाजार’मध्ये गेलं.

काका पडद्यावर शोधत बसले. “भाऊ, माझी केळी कुठं गायब केली?”

“बाजारात आहेत, काका.”

“मग शेतीतबी ठेव ना. हे काय लोखंडी कपाट आहे, की एका जागी ठेवलं तर दुसरीकडं दिसणारच नाही?”

मुलगी हसली. मी दुसरी खूण लावली.

काका दर सोमवारी बसने येत, भाव आणि शेतीची मासिकं वाचत. मे महिन्यात उपस्थितीच्या वहीत अकरा सह्या होत्या, त्यातल्या चार त्यांच्या. बाकीचे पेपर चाळून पाच मिनिटांत जात. बसून बोलणारे काकाच.

जुलैपर्यंत यादीत दोनशे बारा पानं झाली. पहिल्या सोमवारी काकांनी नवा मोबाइल पुढं केला. “ह्यात त्या यादीसाठी माझं खातं उघडून दे. घरी बसून बघीन, जिना तरी चुकेल.”

दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, “नेट बंद आहे, पुढच्या सोमवारी.” नेट चालू होतं. पुढच्या सोमवारी ‘ती मुलगी येऊ द्या’ म्हणालो. तिसऱ्या सोमवारी मोबाइलचं चार्जिंग कमी असल्याचं सांगितलं. ते चौसष्ट टक्के होतं.

चौथ्या सोमवारी काका जिना चढून आले आणि कितीतरी वेळ नुसते धापा टाकत बसले. मी पाणी दिलं आणि खातं उघडून दिलं. नऊ मिनिटं लागली. केळीच्या करपा रोगावरचं एक पान त्यांनी स्वतःच शोधून जपून ठेवलं, दोन खुणा लावून.

“आता येणं होणार नाही, भाऊ. अनामत देऊन टाक.”

अनामत पन्नास रुपये. ती देऊन मी खिशातले एकशेवीस वेगळे त्यांच्यापुढं ठेवले.

“हे कसले?”

“तीन सोमवारचं बसभाडं, जाण्यायेण्याचे चाळीस धरून. नेट चालू होतं, काका.”

“गप्पा मारायच्या होत्या तर तसं सांगायचं. मी काय नाही म्हटलं असतं?”

त्यांनी नोटा मोजल्या, वहीत शेवटची सही केली आणि कठड्याला धरून उतरले.

दिले: अनामत पन्नास, भाडं एकशेवीस. एकूण एकशेसत्तर रुपये, दापोऱ्याच्या काकांना.