बाबांची एकच मेल, सहा वेळा

मैत्रिणींनो, आज सुट्टी होती म्हणून एक रखडलेलं काम काढलं. नव्या लॅपटॉपवर जुन्या मेल आणताना काहीतरी गडबड झाली होती आणि प्रत्येक मेल दोनदा आली होती. विषय आणि मजकूर सारखा दिसला की एक ठेवायची, दुसरी उडवायची, असं सपाट्याने चाललं होतं.

मग बाबांची मेल दिसली. ते दिंडोशीला एकटे राहतात, मी मुलुंडला. व्हॉट्सॲप त्यांना पटत नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तू सोबत येशील का?" एवढंच लिहिलेलं. पण ही मेल सहा वेळा होती.

तारखा पाहिल्या. सोमवार, गुरुवार, रविवार. म्हणजे बाबांनी ती खरंच तीनदा पाठवली होती, आणि मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. गेल्या वर्षीची गोष्ट.

लगेच फोन केला. "बाबा, तेव्हा डॉक्टरकडे कोणासोबत गेलात?"

"रिक्षावाल्यासोबत," ते हसले. "तुला मेल पोचलीच नसणार गं. या मशीनचं काही खरं नाही."

'हो ना' म्हणून सुटणं किती सोपं होतं!

"पोचली होती, बाबा. तिन्ही वेळा. मीच उत्तर दिलं नाही."

ते म्हणाले, "बरं. मंगळवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मेल करू, की तोंडी सांगितलेलं चालेल?"

मंगळवारची रजा टाकली आहे. तुमच्याकडेही कुणी पुन्हा पुन्हा विचारलेलं काही तसंच पडून आहे का?