कोरसला दम घ्यायची जागा

आमच्या गावच्या जलशाची रीत अशी, की पार्टी बाहेरची पण कोरस गावचा. पणजोबांच्या काळात, निजामाचं राज्य होतं तेव्हा, गाणारे पायी नाहीतर बैलगाडीनं यायचे. एक गाणारा, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, संपलं. मागं धृपद ओढायला माणसं कुठून आणणार? गाव म्हणालं, ती आमची. आता पार्ट्या बोलेरोतून येतात, पण रीत तीच. जयंती झाली की पुढच्या आठवड्यात जलसा. दुपारी विहारात तालीम, ऊन कललं की स्टेज. लोकांना हे सगळं फार थोर वाटतं. आम्हा पोरींना एवढंच कळायचं, की दुपारभर परक्या पार्ट्यांची धृपदं घोकायची, आणि वर चहा पण आपणच करायचा.

मी तेव्हा अकरावीत होते. आवाज बरा होता, पण दम तोकडा. लहानपणापासून छाती भरून यायची. लांब ओळ आली की शेवटच्या शब्दांना मी आपली नुसती तोंड हलवायची. एवढ्या पोरींत कोणाला कळतंय!

आखाडा बाळापूरच्या पार्टीला कळलं. त्यांचे गाणारे काका म्हणजे अंगानं थोराड आणि तोंडानं फटकळ माणूस. तालीम थांबवून मला म्हणाले, “ए पोरी, तू गाऊन राहिली का नुसतं तोंड हलवून राहिली?”

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओढणी सावरून मी उठलेच होते, तेवढ्यात त्यांचा ढोलकीवाला बोलला. पोरगा माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठा असेल. ढोलकीच्या दोऱ्या ताणत होता, मान वर न करताच म्हणाला, “काका, राहू द्या की. शेवटच्या ओळीआधी मी हात उचलतो. तिला दम घेऊ द्या.”

“काहून? तिच्यासाठी ठेका मोडतो का तू?”

“मोडत न्हाई. थांबतो.”

आणि संध्याकाळी स्टेजवर तो खरंच थांबला. शेवटच्या ओळीआधी त्यानं ढोलकीवरून हात उचलला, माझ्याकडं बघितलं, मी दम घेतला आणि ओळ पार टोकापर्यंत गेली. जन्मात पहिल्यांदा माझ्या गळ्यातून अख्खी ओळ निघाली होती. लोकांना वाटलं ही काही नवीन कलाकारी आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पार्टीचं सलामीचं गाणं दरवर्षी तेच असायचं, त्यामुळं पुढच्या वर्षी पण तो तिथंच थांबला. मधल्या काळात ना भेट ना बोलणं. तेवढ्या थांबण्यासाठी मी वर्ष काढायचे. बावळटपणाच तो, पण काढायचे.

तिसऱ्या वर्षी तालमीनंतर मी विहारामागच्या हापश्यावर कळशी भरत होते. तो आला आणि न सांगताच हापसायला लागला. कळशी भरून वाहायला लागली तरी हापसतोच आहे.

“तुमाला एक विचारायचं व्हतं,” म्हणाला. “घरी बोलू का मी? आपल्याबद्दल?”

माझे कान तापले. अंगातला कण न् कण व्हय म्हणत होता. पण माझं हे असं. कोणी सरळ विचारलं की मी आधी वाकड्यात शिरते. म्हटलं, “एवढी काय घाई हाय? पुढच्या जलशाला सांगते.”

“बरं, फोन नंबर तरी?”

“फोन भावाच्या खिशात असतो. आन् असलं फोनवर सांगत नसतात. समोर या, समोर सांगते.”

तो हसला. “बराबर हाय. थांबतो.”

ते वर्ष मी एका शब्दाची तालीम करत काढलं. एका शब्दाची तालीम ती काय करायची! पण भाकरी थापताना म्हणायचे, कापूस वेचताना म्हणायचे. व्हय. कधी लाजून, कधी ठसक्यात. ठसक्यातलं चांगलं वाटलं, तेच पक्कं केलं. जलशासाठी नवा पिवळा ड्रेस शिवून घेतला.

बोलेरो आली तेव्हा मी चहा घेऊन विहाराच्या दारातच उभी. काका उतरले आणि त्यांनी गाडीचं दार लावलं. मी काचेतून आत डोकावले. मागची सीट रिकामी.

“ढोलकीवाले?” मी विचारलं.

“ढोलकी कशाला लागती आता?” काकांनी गळ्यातल्या दोरीला लटकवलेला पेनड्राइव्ह दाखवला. “सगळं ह्याच्यात हाय. नांदेडला स्टुडिओत भरून आणलं. वाजवलं त्यानंच, आन् गेला पुण्याला कंपनीत. लगीन बी झालं पोराचं फागनात. बापानं जमवलं.”

सोयाबीनचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मी कप पुढं केला. घोट घेऊन म्हणाले, “साखर कमी हाय गं.”

डोकं दुखतंय म्हणून घरी जावंसं वाटत होतं. पण कोरस गावचा, जाणार कुठं? पिवळा ड्रेस घालून उभी राहिले. ट्रॅक सुरू झाला. ढोलकी त्याचीच, हजारात ओळखली असती मी. स्टेजवर माझ्यापासून हातभर अंतरावर तो काळा स्पीकर वाजत होता आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. मेल्या, एक वर्ष थांबता आलं नाही तुला?

आणि शेवटच्या ओळीआधी ढोलकी थांबली.

तिथंच, तेवढीच. स्टुडिओत समोर कोणी नसताना तो माझ्यासाठी थांबला होता. वर्षभर जपलेलं उत्तर माझ्याकडं तसंच पडून होतं आणि ते द्यायला दुसरी जागा उरली नव्हती. मी माईकपासून तोंड फिरवलं, स्पीकरकडं बघितलं आणि म्हणाले, “व्हय.”

ठसका वगैरे काही जमला नाही. दम त्यातच गेला. ओळ बाकीच्या पोरींनी ओढली आणि मी त्या पहिल्या तालमीतल्यासारखी नुसती तोंड हलवत राहिले.

खाली उतरल्यावर काका पाणी पिता पिता कुरकुरत होते, “ती मोकळी जागा काढून टाक म्हणलं व्हतं त्याला. तर म्हने, राहू द्या काका, तिथं कोरसला दम घ्यायचा असतो.”

हे ऐकलं आणि माझा राग पण गेला. राग होता तोवर बरं होतं, रागाची सोबत असते. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आता मी जवळा बाजारला मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. स्थळं येतात. मी बघू म्हणते, आई चिडते. जलशाला मात्र सुट्टी काढून येते. गेल्या साली तोच ट्रॅक वाजला. त्या जागी मी काही बोलले नाही, नुसता दम घेतला. तेवढ्यानं वर्ष गेलं.

यंदा काका उतरले ते खुशीतच. “ट्रॅक नीट करून आणला बरं का. ती जागा बुजवली एकदाची.”

संध्याकाळी शेवटची ओळ सरळ आली, न थांबता. सवयीनं मी थांबले. तोवर पोरी पुढं निघून गेल्या होत्या. मला ओळ सापडलीच नाही. आई पुढंच सतरंजीवर बसली होती. तिनं हातानंच विचारलं, काय झालं गं?

मी हातानंच सांगितलं, काही नाही.