बिरूची आई गाणगापूरला गेलीय

"मॅडम, ह्याला आजच अ‍ॅडमिट करून घ्या. आमच्यानं आता हुईना," म्हणत सिद्रामनं धाकट्या भावाला माझ्यापुढच्या स्टुलावर दाबून बसवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात मी मानसोपचाराची डॉक्टर होते. हे दोघे भाऊ खजुरीकडचे, मूळचे मेंढपाळ, आता शेती करणारे. बिरू तिशीतला, जन्मापासून मतिमंद. शेरडं राखायचा, गावभर हसत फिरायचा. पण काही महिन्यांपासून त्याचं जेवण सुटलं होतं, झोप उडाली होती. गाणगापूरहून बस आली की धावत सुटायचा, आत चढून एकेका बाईच्या तोंडाकडे बघायचा. त्यापायी लोकांनी त्याला बदडलंही होतं. ओठ फुटलेला दिसत होता.

"मतिमंद आहे ना? मग असाच वागणार," शेजारी उभे असलेले आमचे सर, माझे वरिष्ठ डॉक्टर, म्हणाले. "इंजेक्शन द्या, मोठ्या मेंटल हॉस्पिटलला पाठवा."

माझं डोकंच फिरलं. तिकडे गेलेला असा माणूस सहसा घरी परतत नसे. मंदपणा म्हणजे समज हळू चालणं, ते जन्माचं. डिप्रेशन म्हणजे मन खचण्याचा आजार. तो नंतर जडतो, आणि मंद माणसालाही जडतो. हसता माणूस असा विझला, तर त्याचं खापर मंदपणावर कसं फोडायचं?

"सर, एक आठवडा द्या मला."

"एकच," सर म्हणाले आणि राउंडला गेले.

मी सिद्रामला गप्प बसवलं आणि बिरूकडे वळले. "बिरू, बसमधी कामून चढायलास रे?"

त्यानं दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आईला हुडकायलोय."

"कुठं गेली आई?"

"गाणगापूरला. रुसून गेली. माझ्या हातनं शेरडू हरवलं ना."

मी सिद्रामकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. "आई वारली, मॅडम. ह्याला काय कळणार म्हणून सांगितलं न्हाई. मातीच्या वक्ताला बहिणीकडं धाडलं. रडाय लागला की म्हणायचो, गाणगापूरला गेलीय, येती."

"अरे देवा! आणि हा बिचारा रोज वाट बघायलाय! सांग त्याला. आत्ता, माझ्यापुढं."

"झटका आला म्हंजे?"

"मी हाय की!"

सिद्राम सांगायला लागला आणि स्वतःच हुंदके देऊ लागला. बिरू त्याच्याकडे बघत राहिला.

"मेली? म्हंजे रुसली न्हाई?"

"न्हाई रे राजा. तुझंच नाव घेत गेली."

मग बिरूनं हंबरडा फोडला. नर्स इंजेक्शन घेऊन धावली. मी तिला हातानंच थांबवलं. रडू दे म्हटलं. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

गोळ्या दिल्या. शेतात आईला पुरलं होतं, तिथं त्याला घेऊन जा, निवद त्याच्याच हातानं ठेवू दे, असं सिद्रामला बजावलं. आठवड्यानं बिरू थोडंफार खायला लागला होता. मेंटल हॉस्पिटलचं नाव पुन्हा निघालं नाही. पुरतं सावरायला मात्र कित्येक महिने लागले.

त्यानंतरच्या एका तपासणीला सर हजर होते. "काय सिद्राम, भाऊ कसा आहे?"

"मला इचारा की!" बिरू म्हणाला.

सर चाट पडले. मग त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "बरं बाबा, तूच सांग."

"जेवतो. झोपतो. आईची आठवण येती."

पहिल्या दोन गोष्टी पाहून आम्ही गोळ्या कमी केल्या. तिसरी आजारात मोडत नाही, तिच्यावर काही लिहून दिलं नाही.