टेबलाच्या अलीकडे

ते काही आठवडे मी घरात धड एका जागी बसलो नाही. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्या फ्लॅटमधली एक खोली एका इराकी माणसाने भाड्याने घेतली होती. बगदादमध्ये तो परदेशी सैन्याचा दुभाषा होता. गस्तीवर त्यांच्याबरोबर फिरायचा, सैनिकांचं म्हणणं लोकांना आणि लोकांचं सैनिकांना सांगायचा. मग कुणीतरी त्याच्या दारावर गोळ्या झाडल्या आणि तो व्हिजिट व्हिसावर दुबईला आला. ज्यांच्यासाठी बोललो त्यांनीच आपल्याला त्यांच्या देशात घ्यावं, असा अर्ज त्याने केला होता. व्हिसा संपायच्या आत होकार आला नाही, तर बगदादला परत. आणि परत गेला तर जिवंत राहणार नाही, हे उघड होतं.

"बाबा, इज ही अ स्पाय?" मुलीने एकदा जेवताना विचारलं. मी तिच्यावर खेकसलो.

"अहो, तिच्यावर कशाला ओरडताय?" बायको म्हणाली. "अख्खी बिल्डिंग तेच बोलतेय."

तो संध्याकाळी चहाला यायचा. छावणीच्या फाटकावर रोज सकाळी त्याची अंगझडती व्हायची, असं त्याने सांगितलं. आदल्या दिवशी त्याच्या शब्दावर गल्लीत शिरलेले सैनिकच दुसऱ्या दिवशी त्याचे खिसे चाचपायचे. माझं डोकं फिरायचं. तो मात्र शांत. "हबीबी, रूल आहे त्यांचा," म्हणायचा. त्या शांतपणाचाही मला राग यायचा.

मुलाखतीच्या दिवशी मी हाफ डे टाकून त्याला त्या देशाच्या वकिलातीत नेलं. तो आत गेला आणि मी गाडीचा एसी चालू-बंद करत, दर मिनिटाला दाराकडे बघत बसलो. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"क्या हुआ?"

"गलती हो गया," तो म्हणाला. आत गेल्यावर त्याने सवयीने खुर्ची ओढली होती आणि टेबलाला वळसा घालून मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या शेजारी, जरासा मागे जाऊन बसला होता. सैन्यातल्या साहेबांशेजारी इतकी वर्षं तो तसाच बसत आला होता. साहेबाने त्याला उठवून समोर बसायला सांगितलं आणि त्या जागेवर दुसरा दुभाषा आणून बसवला. याचं बोलणं साहेबाला समजावून सांगायला! याने म्हटलं, मला इंग्लिश येतं, तुमच्याच सैन्यात तेच काम करत होतो. साहेब म्हणाला, आम्हाला आमचा माणूस लागतो.

मला आधी हसू फुटलं, मग इतकं वाईट वाटलं की गाडी सुरू करायचं सुचेना.

नकार आला. व्हिसा संपत आला होता, म्हणून त्याच आठवड्यात मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो. वाटेत मी कारण विचारलं. दुसऱ्या कुणाचा तरी निरोप सांगावा तशा सपाट आवाजात तो म्हणाला, "अर्जदार आपल्याशी एकनिष्ठ होता, याची सरकारला खात्री पटत नाही."

त्याच्या गल्लीत त्याची वाट बघत बसलेल्यांना ती केव्हाच पटली होती.