सातव्या फेरीतली चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी पगारातली पाच रियालची कपातसुद्धा सांगतो.

आधी नोंद. चार वर्षांपूर्वीचा मार्च, महिन्यातला शेवटचा शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. जागा इथे आखातात, मुऐदर वस्तीतलं आमचं भाड्याचं घर, जेवणाचं टेबल. हजर माणसं चार: पराग जोशी, माने, सावंत आणि मी. पणाला लावलेली रक्कम शून्य. पैसे लावून खेळणं इथे चालत नाही, आणि चालत असतं तरी माझ्या घरात चाललं नसतं. मी तसा माणूस आहे. निदान सगळे तसं समजतात.

आम्ही लढाया खेळतो. हसू नका. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, रंगवलेले, आणि जुन्या लढाया — स्पेनच्या, फ्रान्सच्या, जपानच्या. प्रत्येक बाजूला एक सेनापती. आपल्या तुकड्या या फेरीत काय करणार ते त्याने आधी चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग पंच चिठ्ठी मोठ्याने वाचतो आणि फूटपट्टी लावून सैनिक हलवतो. दोन तुकड्या भिडल्या की फासे.

पंच मी. बांधकामाची मोजमापं आणि बिलं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही. नियमही मीच लिहिले. चौथा नियम असा — डब्यातल्या चिठ्ठीला पंचाशिवाय कुणी हात लावायचा नाही. पंचाने वाचलं तेच लिहिलेलं. भांडणं होऊ नयेत म्हणून केला होता. खरंच त्यासाठीच. वाचून झालेली प्रत्येक चिठ्ठी मी तारखेनुसार फाइलला लावतो. कागद फेकणं मला जमत नाही.

सावंत आमच्यातला नव्हता. कुडाळकडचा, एसी दुरुस्त करणारा, वक्र्याला कंपनीच्या खोलीत राहायचा. आमचा एसी बघायला आला आणि पाना हातात धरून टेबलापाशी उभा राहिला. "हे असे चौकोनात कशाक उभे?" मी सांगितलं, ही स्पेनची तुकडी, तेरसियो म्हणतात, मध्ये लांब भालेवाले, कडेला बंदूकवाले, शंभरेक वर्षं हा चौकोन फोडणं म्हणजे महाकठीण काम होतं. तो म्हणाला, "चारी बाजूंक तोंड केलेला माणूस चालतलो कसो, साहेब?" जोशी हसला. मग लक्षात आलं की याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच नीट येत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी तो खेळायला आला. त्यानंतर जिंकतच राहिला. सोळा शुक्रवारांत तेरा वेळा — मी मोजत होतो. मोजायला कधी लागलो? पाचव्या विजयानंतर. जोशी जिंकायचा तेव्हा मोजत नव्हतो, हेही लिहून ठेवतो.

"पेठे, हा एसीवाला दर शुक्रवारी आपल्याला गार करतोय," माने एकदा जाताना म्हणाला. "काहीतरी गोम आहे. फासे बघ त्याचे."

फासे सावंत स्वतःचे आणायचा. एकदा पुसून ठेवतो असं सांगून मी एक ठेवून घेतला. तीन दिवस ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी तो टाकत बसायचो. सहाशे वेळा टाकला. एक आला शहाण्णव वेळा, सहा एकशे तीन वेळा, बाकीचे आकडे मधले. फासा सरळ होता. मानेला सांगितलं का? नाही. त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "बघू."

मग वाटलं, ट्यूबलाइटच्या उजेडात घडीतलं अक्षर दिसत असेल. जाड कागद आणला. मग त्याची खुर्ची बदलली, म्हटलं खिडकीच्या काचेत बघत असेल. मग वाटलं, जोशी त्याला सामील आहे. जोशी! जो त्याच्याशी धड बोलतही नव्हता. तपासलं ते सगळं स्वच्छ निघत गेलं, आणि जितकं स्वच्छ निघालं तितका माझा संशय पक्का होत गेला. बिल तपासताना मी असं केलं असतं तर नोकरी राहिली असती का?

आणखी एक गोष्ट आहे. तीही सांगायला हवी. कारण म्हणून नाही, क्रमात आहे म्हणून. फेब्रुवारीत जपानची लढाई चालू होती — लाकडी कुंपणामागे बंदूकवाले, समोरून घोडदळ. मी घोडदळ हलवलं आणि सावंत हळूच म्हणाला, "साहेब, अर्धा इंच जास्त झाला." सगळ्यांसमोर. मी पुन्हा मोजलं. अर्धा इंच जास्तच होता.

तर तो शुक्रवार. लढाई रोक्रुआची, हंगामातली शेवटची मोठी; नंतरचे दोन शुक्रवार किरकोळ लढायांचे. एकवीस वर्षांचा फ्रेंच सेनापती घोडदळ घेऊन स्पॅनिश फौजेच्या मागे शिरतो आणि मधले तेरसियो जागच्या जागी उभे राहून कापले जातात — इतिहासात असं झालं. फ्रेंच बाजू जोशीची, स्पॅनिश सावंतची. जो जिंकेल त्याने पुढच्या हंगामाच्या लढाया ठरवायच्या. सावंतला पुन्हा जपान हवा होता. पहिल्यापेक्षा मोठं कुंपणही त्याने बनवून ठेवलं होतं, कबाबाच्या काड्या तासून.

सातवी फेरी. जोशीचं घोडदळ वळसा घालत होतं, अजून पोचलं नव्हतं. मी सावंतची चिठ्ठी उघडली. लिहिलं होतं: तिन्ही तेरसियो पुढे, फ्रेंच मध्यावर चाल.

ती चाल बरोबर होती. फ्रेंच मध्य तेव्हा कच्चा होता. मला ते दिसलं — आणि चीडच आली. हे याला कसं कळतं? कुणी सांगितलं? मी वाचलं, "तिन्ही तेरसियो जागेवर थांबा."

एवढंच. पाच शब्दही नाहीत.

"नाय साहेब," सावंत म्हणाला. "मी फुडे लिवलंय."

"इथे थांबा आहे."

"चिठी दाखवा तरी एकदा."

मी म्हणालो, "चौथा नियम माहीत आहे ना? की पंचावर विश्वास नाही?"

माने मोठ्याने हसला. "अरे सावंत, घोडे मागे येताना बघितल्यावर आता पुढे लिवलंय होय? सवय दिसते तुझी!" जोशी म्हणाला, "जाऊ दे ना रे, चिटिंग नको, खेळ संपव." इतिहासातही ते थांबलेच होते, त्यामुळे माझं वाचन सगळ्यांना पटलंही.

सावंतने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. फळ्यावरचं गणित आपलं चुकलं की मास्तरांचं, असं पोर बघतं ना — तसा बघत होता. दोन फेऱ्यांत त्याची फौज संपली. त्याने सैनिक रंगांप्रमाणे डब्यात लावून ठेवले, जोशीशी हात मिळवला आणि गेला. मी चिठ्ठी फाइलला लावली. त्या तारखेखाली ती आजही आहे. कुणी कधी मागितली नाही.

माने ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला. महाराष्ट्र दिनाच्या जेवणात ज्यांनी आमचं टेबलही बघितलं नव्हतं ते विचारत होते, "तो चिठ्ठी बदलणारा एसीवाला कोण?" मी ताटात बघून जेवत होतो. सावंत पुन्हा आला नाही.

नियम सातवा: हंगाम अर्धवट सोडणाऱ्याला सैनिक आणि रंगांसाठी घेतलेली वर्गणी परत. उरलेल्या दोन शुक्रवारी तो नव्हता, म्हणजे नियम लागू होत होता. एका शनिवारी सकाळी मी वक्र्याला गेलो. एका खोलीत सहा पलंग. त्याने पलंगावरची चादर झटकून मला बसायला जागा केली, चहा मागवला. उशाशी शंभर पानी वही उघडी होती. झाकायचीही त्याला गरज वाटली नाही. पानभर टेबलाचे नकाशे आणि खाली बारीक अक्षरात: जोशी घाबरलो की घोडे डावीकडे नेता. माने पहिले तीन फेरी थांबता. तेव्हा घाई करू नये. प्रत्येक शुक्रवारचं एक पान. तेरा विजय त्या वहीत होते.

"अभ्यास करतोस?" मी विचारलं.

"टाइमपास, साहेब. आता नाय करत."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. चहा संपेपर्यंत वेळ होता. मी खिशातून पाकीट काढलं आणि पावतीपुस्तक पुढे केलं.

"सही कशाक?"

"हिशोबाला लागते."

पैसे न मोजताच त्याने उशीखाली ठेवले आणि वळणदार अक्षरात, पूर्ण नाव लिहून सही केली. चार महिने तो दर शुक्रवारी माझ्या घरी येत होता. त्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

परत केलेली वर्गणी रियाल साठ, रोख. मिळाले — रमाकांत भिकाजी सावंत.