मुकादमाची घरची दिवाळी

उत्तरेश्वर मुकादमाला वाईट माणूस म्हणायला वडवणीच्या बाजारात कुणी धजलं नसतं, आणि चांगला म्हणायचीही कुणाला घाई नव्हती. मुकादमकीचा धंदाच तसा. ऊसतोडीची जोडपी गोळा करायची, हंगामाआधी त्यांच्या हातावर उचल म्हणून आगाऊ पैसे ठेवायचे, दिवाळीच्या सुमाराला सगळ्यांना गाडीत घालून लांबच्या सहकारी साखर कारखान्यावर पोचवायचं आणि पुढं सहा महिने दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. कारखान्याचा साहेब म्हणणार, तुझी माणसं कामचुकार. माणसं म्हणणार, तू साहेबाचा. उत्तरेश्वर दोघांपुढंही मान हलवायचा आणि चहा सांगायचा.

तो काही जन्मजात मुकादम नव्हता. त्याचा जन्मच उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत झालेला. त्याची आई भिवराबाई बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली होती. हे ती अजूनही सांगते आणि सांगताना तिचा आवाज जरासुद्धा चढत नाही. उत्तरेश्वरची शाळा दसऱ्यापर्यंत चालायची, पुढं फड. लहानपणीची गावातली एकही दिवाळी त्याला आठवत नव्हती. मोठा झाला तसा कोयता हातात आला आणि बऱ्याच वर्षांनी मुकादमकी. आता तरी घरची दिवाळी मिळेल असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! दिवाळीच्या आठवड्यात मुकादमाची जी दैना होते ती कुणाची होत नाही. आपली जोडपी दुसऱ्या मुकादमानं जास्त उचल दाखवून पळवू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ वस्त्या हिंडायच्या, मग गाडी भरायची, मग गाडीबरोबर जायचं. घरात पणत्या लागायच्या तेव्हा हा कारखान्याच्या गेटावर उभा असायचा.

त्याची मुलगी रेणू पहिलीत होती तेव्हा बाईंनी ‘माझी दिवाळी’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. रेणूनं चौथी ओळ लिहिली होती, ‘माझे आप्पा दिवाळीला फोनमध्ये असतात.’ बाईंनी त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली होती. उत्तरेश्वरनं ती वही हसत हसत बायकोला, शिवकन्याला, दाखवली. मग गोठ्याकडं गेला आणि बराच वेळ घरात आला नाही.

दोन हजार बारा साली पाऊस पडलाच नाही. विहिरीनं तळ दाखवला, टँकर चार दिवसाआड यायला लागला, जनावरं चारा छावणीच्या गोष्टी ऐकत उभी राहिली. माणसं कधी एकदा गाव सोडतो अशा घाईला आलेली, आणि तलवाड्याकडचा एक मुकादम या भागात चकरा मारायला लागलेला. धनत्रयोदशीला सहा दिवस होते तेव्हा उत्तरेश्वरला कारखान्यातून साहेबाचा फोन आला. औंदा ऊस कमी, बॉयलर उशिरा पेटणार. मोळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टाकायची, म्हणजे उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडून गाळप तेव्हा सुरू होणार. टोळी आदल्या दिवशी आली तरी चालेल.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? वस्तीवर जाऊन सांगितलं असतं, बाबांनो, औंदा दिवाळी घरीच करा. बारा जोडपी होती, प्रत्येकाच्या घरात लेकरं होती. त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण टोळी गावात म्हणजे मुकादम पहाऱ्यावर. ऐन दिवाळीत पुन्हा तेच दारोदार हिंडणं, पुन्हा तलवाड्याच्या माणसावर नजर. आणि टोळी एकदा कारखान्यावर जाऊन पडली की ना कुणी पळवायची भीती, ना हिंडणं. हा विचार त्याच्या डोक्यात आला तो रेणूच्या त्या चौथ्या ओळीचा हात धरूनच आला. त्यामुळं त्याला तो पापाचा वाटलाच नाही, बापाच्या मायेचा वाटला. माणूस स्वतःला फसवायला बसला की असल्या सोयी बरोबर सापडतात.

त्यानं सांगून टाकलं, मोळी धनत्रयोदशीला पडणार, गाडी परवा निघणार.

गाडी भरायच्या दिवशी वेशीपाशी गलका उडाला होता. पातेली, पिठाची पोती, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं एकावर एक. रतनबाई म्हणून एक तोडणीवाली होती, हाताला चपळ आणि जिभेला सरळ. तिची अंबिका आणि रेणू एका बाकावर बसायच्या. रतनबाई गाडीत चढायच्या आधी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

“मुकादम, चार दिसांवर सण आला. लेकरांला घरी आंघोळ तरी घालू द्या की.”

“मी काय करू, रतनबाई? कारखान्यानं बोलावलंय. उशीर केला तर आपल्या जागंवर दुसरी टोळी बसंल.”

“तुमी न्हाई येत व्हय गाडीसंगं?”

“तलवाड्याकडनं अजून चार जोडपी आणायचीत. ती घेऊन मागनं येतो.”

तलवाड्याकडून त्याला काडीही आणायची नव्हती. रतनबाईनं मान हलवली आणि पोरीला बखोट्याला धरून वर घेतलं. अंबिका वरून ओरडून रेणूला विचारत होती, “तू कावून येत न्हाईस गं?” रेणूनं फक्त बापाचं बोट घट्ट धरलं, आणि त्या बोटाला चटका बसल्यासारखं झालं तरी उत्तरेश्वरनं ते सोडवून घेतलं नाही.

दिवाळी आली. टँकरच्या पाण्यातल्या दोन घागरी शिवकन्यानं लेकरांच्या आंघोळीसाठी बाजूला झाकून ठेवल्या होत्या. पहाटे उत्तरेश्वरनं स्वतः दोघांना उटणं लावलं. धाकटा चार वर्षांचा, त्याला सगळे बारक्याच म्हणत. तो निसरड्या अंगानं हातातून सुटून पळत होता आणि रेणू हसून हसून वाकली होती. आप्पानं उटणं लावलेलं तिच्या आठवणीत नव्हतं, कारण लावलेलंच नव्हतं. शिवकन्या चुलीपाशी करंज्या तळता तळता मागं वळून बघत होती. इतक्या वर्षांत ती एवढी हलकी दिसली नव्हती.

“कारखाना सुरू झाला का?” तिनं विचारलं.

“झाला.”

“मग तुमाला कसं काय सोडलं?”

“सोडलं औंदा,” तो म्हणाला आणि बारक्याच्या डोक्यावर तांब्या ओतला.

एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या पाठोपाठ आपणहून येतं, तिसऱ्याला तर हाक मारावी लागत नाही. रेणूनं अंग पुसता पुसता विचारलं, “आप्पा, अंबिकानं आंघोळ केली असंल का?” तो म्हणाला, “तिकडं कालवा हाय. लई पाणी. तिची आपल्यापेक्षा बेस झाली असंल.” हे कालव्याचं त्याला आवडलं. तो दिवसभर मनाशी तेच घोळवत राहिला. इथं घागरीला महाग झालेली माणसं तिकडं वाहत्या पाण्यात नाहत असतील, म्हणजे आपण त्यांचं भलंच केलं. पण काम सुरू नसताना बारा जोडपी त्या कालव्याच्या काठी करतात काय, हा विचार आला की घास तोंडात फिरायचा. करंजी चांगली झाली होती. त्याला ती गोड लागली नाही.

फोन वाजला की तो आधी नंबर बघायचा. शेवटी त्यानं तो फोन लेकरांपुढं टाकला, “घ्या, खेळा सापाचा गेम,” आणि स्वतः अंगणात जाऊन बसला. ज्या फोनमध्ये तो एरवी दिवाळीला असायचा त्यालाच तो आता लांब ठेवत होता. लक्ष्मीपूजनाला रेणूनं त्याच्या शेजारी बसून हात जोडले आणि डोळे मिटले. त्यानं मिटले नाहीत. मिटले की वेशीवरची गाडी दिसायची.

पाडव्याच्या सकाळी भिवराबाई दारात शेणाचे पांडव घालत होती. नातवंडं तिच्या दोन बाजूंना बसून पांडवांना झेंडूच्या पाकळ्या खोवत होती. उत्तरेश्वर उंबऱ्यावर टेकला होता. म्हातारीनं मान वर न करताच विचारलं, “मोळी धनतेरसीला पडली म्हंतोस?”

“हा.”

“मोळी पडली आन् मुकादम घरी, असं मी उभ्या जल्मात बघितलं न्हाई.”

एवढंच बोलली ती. पुढं शेणाचा गोळा घेऊन तिनं सहदेवाचं डोकं नीट केलं. चाळीस हंगाम फडात काढलेल्या बाईला कोण काय सांगणार! उत्तरेश्वरला वाटलं, आपल्याला अंगणात उघडं करून उभं केलंय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, आत गेला आणि शिवकन्याला म्हणाला, फराळाचं जेवढं असेल तेवढं भर, मी निघालो. शिवकन्या त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं दोन्ही डबे एका पिशवीत रिकामे केले.

“उद्या भाऊबीज हाय, आप्पा,” रेणू म्हणाली. “मी बारक्याला ओवाळणारंय. तुमी बघायचं व्हतं.”

“काम निघालं, बाळा.”

“मंग परत फोनमध्ये?”

त्यानं पिशवी खांद्याला लावली. दुसऱ्यांच्या लेकरांची दिवाळी हिसकावून हिला दिली होती, आता हिचीही अर्धी मोडून तो निघाला होता. म्हणजे कुणाचीच धड झाली नाही. एवढं साधं गणित मुकादमाला पाडव्याच्या दुपारी एसटीच्या खिडकीत बसल्यावर सुटलं. बीडला गाडी बदलली, पुढं आणखी दोनदा बदलली. अख्ख्या वाटेत तो एकच वाक्य घोकत होता, ‘बाबांनो, मला आधीच माहीत होतं, मी खोटं बोललो.’ सगळ्यांना गोळा करायचं आणि बोलून टाकायचं. मग मारू देत, थुंकू देत, उचल बुडवून निघून जाऊ देत.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी तो कारखान्याच्या मागच्या माळावर पोचला. कारखान्याचं धुराडं गार होतं. माळावर कोप्या ओळीनं उभ्या राहिल्या होत्या. बाप्ये पत्ते कुटत बसलेले, बाया गोधड्या वाळत घालत होत्या, पोरं कालव्याच्या कडेला चिखलात खेळत होती. त्याला बघताच पोरंच आधी धावली. मग बायाबाप्ये उठून आले.

“मुकादम आले! आवो, सणासुदीचं लेकरं सोडून कशापाई आलाव?”

“बघा, आपल्यासाठी आले. दुसरा मुकादम असता तर फिरकला नसता बे.”

“कारखान्यानंच फसवलं बगा, मुकादम. बोलावून घेतलं आन् बॉयलरच पेटवला न्हाई. तुमी तरी काय करणार!”

त्यांनी पिशवी त्याच्या हातातून घेतली, बसायला पोतं टाकलं. करंज्या पोरांच्या हातात गेल्या. उत्तरेश्वर ते वाक्य घेऊन उभाच राहिला. त्याला वाटलं होतं समोर राग असेल, रागापुढं खरं बोलणं सोपं असतं. या मायेपुढं त्याला ते जमेना. आपल्या जागी ही माणसं कारखान्याला शिव्या घालतायत हे त्यानं उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

रतनबाई कोपीतून ताट घेऊन आली. ताटात एक दिवा, हळद-कुंकू, सुपारी. तिचा सख्खा भाऊ चौसाळ्याला, तो इथं कुठून येणार. ती म्हणाली, “बसा, मुकादम. औंदा तुमालाच ओवाळते.”

तो पोत्यावर बसला. ती कुंकू लावायला वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला, “रतनबाई, मला एक सांगायचंय. मी तुमाला...”

“ठाव हाय मला.”

“काय?”

“दिवाळीच्या दिवशी कालव्यावर गेटावरचा शिपाई मला एकटीला म्हणला, भाऊबीज झाल्याबिगर मोळी पडत न्हाई, तुमच्या मुकादमाला कवाच कळवलंय म्हून.” ती सावकाश बोटानं कुंकू सारखं करत होती. “लई संताप आला. ह्यांच्या फोनवरनं तुमाला लावला, चांगल्या चार शिव्या घालाव्या म्हून.”

“मला आला न्हाई फोन.”

“तुमच्या रेणूनं उचलला. म्हणली, मावशी, आप्पा औंदा घरी हायेत, मला आप्पानं उटणं लावलं.” रतनबाईनं ताट उचललं. “लेकरू लई खुशीत व्हतं. मंग काय बोलणार? ठिवला फोन.”

“बाकीच्यांना सांगितलं न्हाई तू?”

“न्हाई. सांगून आमच्या लेकरांचा सण माघारी येनार व्हता व्हय? रेणूच्या सणात तरी कावून माती कालवू?” मग तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, “बरी झाली ना दिवाळी तिची?”

उत्तरेश्वरनं मान डोलावली. ती ओवाळत होती आणि दिव्याच्या पलीकडं अंबिका चिखलाच्या हातानं करंजी खात उभी होती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला ते पुसताही आले नाहीत, कारण सगळे बघत होते.

“बघा, मुकादमाला घरच्या लेकरांची आठवण यायलीय,” मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, आणि एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रतनबाईनं ताट खाली ठेवलं आणि त्याच्या हातात सुपारी दिली.