किल्लारीचं पान

लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात मी वेबसाइटचं काम बघायची. क्लास वाढत गेला तशी प्रत्येक शाखेची वेगळी उपसाइट निघाली. नांदेड, देगलूर, उमरी, किल्लारी, आणखी किती तरी. कोणती कोण सांभाळतं, हे धड कुणालाच माहीत नव्हतं. क्लासचे संचालक म्हणाले, "सगळ्यांची यादी द्या. बंद शाखांच्या काढून टाकू."

एकेक उघडून बघण्यापेक्षा मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. उपसाइटचं नाव, पानं किती, खातं कुणाचं, शेवटचा बदल कधीचा, एवढं तिनं ओळीनं मांडायचं. पहिल्यांदा ती देगलूरपाशीच अडकली. चूक सापडायला अख्खी दुपार गेली. मग यादी आली. किल्लारीची शाखा केव्हाच बंद झाली होती, पण तिच्यापुढं तारीख होती कालची.

स्क्रिप्ट चुकली असेल म्हणून मी पान उघडलं. त्यावर भूकंपाआधीच्या गावातल्या गल्ल्यांची नावं होती. गल्लीखाली घरं, घराखाली त्या पहाटे गेलेली माणसं. एका घरापुढं लिहिलं होतं, 'आई, दोन मुली. धाकटीचं बारसं व्हायचं होतं.'

खातं तिथं गणित शिकवलेल्या सरांचं होतं. मी फोन केला, क्लासच्या वेबसाइटचं काम बघते म्हणून सांगितलं.

"लई जागा खातोय का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पण साइट बंद करायची म्हणतात."

"गणितं टाकायला काढलं होतं ते. पोरं लातूरला गेली. मग आठवंल तसं हे लिहीत गेलो."

संचालकांना मी ते दाखवलं. ते उभ्यानं वाचू लागले आणि मध्येच खुर्चीत बसले. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण प्रवेशाच्या साइटवर हे कसं ठेवू?" त्यांचंही खोटं नव्हतं. किल्लारीपुढं 'बंद' हा शब्द मीच टाइप केला.

पुसण्याआधी सगळी पानं छापली, दोऱ्यानं शिवली आणि रविवारी जीपनं किल्लारीला गेले. नव्या गावातल्या घरापुढं सर बसले होते. चष्मा पुसून त्यांनी वही उघडली. बोट फिरवत एका ओळीवर थांबले.

"हितं शेजारची म्हातारी लिहायची राहिली. पेन हाय का?"

मी दिला. त्यांनी सावकाश नाव लिहिलं, आणि ती कशी होती ते मला सांगू लागले.